गोळी लिहिण्याआधीचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. द्विध्रुवीय मनोविकाराचा, म्हणजे आपण ज्याला बायपोलर म्हणतो त्या आजाराचा रुग्ण बहुधा आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, आणि तक्रार सांगतो ती झोप नाही, अंगात त्राण नाही, कशात मन रमत नाही अशी. ती खरीच असते, कारण या आजारात उदासीचे दिवस उन्मादाच्या, म्हणजे मन बेफाम चढलेल्या दिवसांपेक्षा बरेच अधिक असतात. मात्र तेवढ्यावरून साधे नैराश्य समजून केवळ त्यावरचीच गोळी सुरू केली, तर काही रुग्णांत ती उन्मादाला निमित्त ठरते.

म्हणून आधी विचारावे, की पूर्वी कधी सलग चार-आठ दिवस असे गेले का, ज्यांत दोन-तीन तास झोपूनही थकवा जाणवला नाही, बोलणे थांबेना आणि पैसा पाण्यासारखा गेला? रुग्णाच्या संमतीने हेच सोबतच्या माणसालाही विचारावे. रुग्णाला ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत. कर्ज काढून एकदम तीन म्हशी आणल्याचे घरचेच सांगतात. घराण्यात कोणाला हा आजार होता का, बाळंतपणानंतर त्रास झाला होता का, हेही विचारावे आणि थायरॉइड तपासावे. उन्माद चढलेला असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर उपयोगी असल्याचे दाखवलेले लिथियम आजही मोलाचे आहे. ते तज्ज्ञाने सुरू करावे. पुढची देखरेख मात्र गावातही होऊ शकते. शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी रक्त तपासतात आणि लिथियमची पातळी साधारण 0.6 ते 0.8 मिलीमोल प्रति लिटर ठेवतात, मूत्रपिंड व थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी करतात. मूल होऊ शकेल अशा वयातील स्त्रियांना व्हॅल्प्रोएट हे या आजारावरचे दुसरे औषध देणे शक्यतो टाळावे, कारण त्याने गर्भात व्यंग येऊ शकते.

लिथियमचा खरा घात होतो तो साध्या गुडघेदुखीच्या निमित्ताने. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारखे वेदनाशामक घेतले, रक्तदाबाच्या काही गोळ्या नव्याने जोडल्या, मीठ एकाएकी तोडले किंवा वैशाखाच्या उन्हात निर्जळी उपवास केला, तर लिथियम रक्तात साचते. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.