वारा आणि ऊन, एकाच केबलवर

नमस्कार श्रोतेहो.

समुद्रात पाणी साठ मीटरहून खोल असलं की तळात खांब रोवून पवनचक्की उभारणं परवडत नाही. मग ती तरंगतीच ठेवावी लागते. स्कॉटलंडमधल्या पीटरहेड बंदरासमोर २०१७ पासून अशा पाच चक्क्या फिरताहेत, प्रत्येकी ६ मेगावॅटच्या. खाली वजन भरलेलं लांबलचक पोलादी नळकांडं पाण्यात उभं, तळातल्या नांगरांना साखळदंडांनी बांधलेलं. ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली असते ना, त्यातलाच प्रकार.

चक्की उभी राहिली, तरी खर्चाचं दुखणं उरतं ते वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलचं. केबल घालायची पूर्ण क्षमतेच्या विजेसाठी, आणि वारा वाहणार त्याच्या मर्जीनं. चांगल्या जागीसुद्धा वर्षाच्या सरासरीनं ती जेमतेम निम्मी वापरली जाते. म्हणून मग विचार आला, की चक्क्यांमधल्या मोकळ्या पाण्यावर सोलर पॅनेल तरंगवावेत आणि त्यांची वीजही याच केबलमधून आणावी. युरोपच्या उत्तर समुद्रात वाऱ्याचा जोर हिवाळ्यात, उन्हाचा उन्हाळ्यात. दोघं एकदम जोरात असे दिवस कमीच.

पण चक्कीची पाती लाटांच्या खूप वर असतात, पॅनेल मात्र थेट लाटेच्या तोंडी. कोणी त्यांना उंच मचाणावर बसवतं, कोणी लाटेबरोबर वाकणाऱ्या पातळ पडद्यावर अंथरतं. शिवाय खारं पाणी, पक्ष्यांची विष्ठा, तळाला चिकटणारे शिंपले! चीनच्या फुजिआन प्रांतात, नानरी बेटाजवळ, वेगळी युक्ती केली आहे. ४ मेगावॅटची चक्की तीन खांबांच्या तराफ्यावर, पॅनेलही त्याच तराफ्यावर, आणि मध्ये जाळं लावून मत्स्यपालन. मला ही सोय जास्त शहाणपणाची वाटते, जरी पॅनेलची वीज चक्कीपुढे किरकोळच असली.

आपल्या कोकणात वारा जोरात जून ते ऑगस्ट, आणि ऊन पावसाळा सरल्यावर. कागदावर जोडी झकास जमते. पण पॅनेलनी सर्वांत कमी कमवायचं तेच महिने उधाण सोसायचं! आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली, की त्याच पाण्यात ट्रॉलर उतरणार. जाळी आणि साखळदंड एकत्र कसे नांदणार, हे आधी मच्छीमार सोसायट्यांशी बसून ठरवावं लागेल.

केंद्रानं २०२४ मध्ये समुद्री पवनऊर्जेला आर्थिक साहाय्य मंजूर केलं, ते गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॅट. कोकणचं नाव त्यात नाही.

नमस्कार.