मोटर नेमके किती अँपिअर घेते?

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणारे यंत्रमाग ज्या मोटरींवर चालतात, त्यांतील कित्येक मोटरींचे वाइंडिंग (आतील तारेची वेटोळी) जळाल्यावर नव्याने भरून घेतलेले असते आणि तोवर त्यांची अँपिअरचा आकडा असलेली नेमप्लेट रंगाखाली गेलेली किंवा गहाळ झालेली असते. मग वायर किती जाडीची ओढावी आणि स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मोटर बंद करणारा भाग) कोणत्या आकड्यावर लावावा, हे हिशेबानेच ठरवावे लागते.

एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. मात्र ही शाफ्टवर मिळणारी शक्ती आहे, वायरीतून घेतलेली नव्हे. म्हणून पाच हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटरीचे 3,730 वॅट घेऊन त्यांना 415 व्होल्ट, 1.732 (थ्री फेजसाठी येणारे तीनचे वर्गमूळ), कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष वॅटमध्ये उतरणारा हिस्सा) यांच्या गुणाकाराने भागायचे. कार्यक्षमता 0.85 आणि पॉवर फॅक्टर 0.8 धरल्यास उत्तर सुमारे 7.6 अँपिअर येते. वायरमन एवढे गणित मांडत बसत नाहीत; हॉर्सपॉवरला दीड अँपिअर हा त्यांचा ठोकताळा, आणि तो या उत्तराशी चांगलाच जुळतो. मागाच्या एक हॉर्सपॉवरच्या मोटरीला मात्र तो अपुरा पडतो, कारण लहान मोटरीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर दोन्ही कमी असतात.

हे आकडे पूर्ण भाराचे आहेत. थेट सुरू करताना क्षणभर सहा-सात पट प्रवाह जातो, तो वेगळा. मोकळी फिरणारी मोटरदेखील पूर्ण भाराच्या साधारण तीस ते पन्नास टक्के प्रवाह घेते आणि त्यातील बहुतेक चुंबकीय क्षेत्र उभे करण्यात जातो. त्यामुळे टोंग टेस्टरवर (वायरीभोवती चिमट्यासारखे लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) निम्मे अँपिअर दिसले, म्हणून मोटरीवर निम्मा भार आहे असे समजणे चूक ठरते. टोंग टेस्टरही एकाच फेजच्या वायरीभोवती लावायचा असतो, कारण तिन्ही वायरी एकत्र धरल्यास प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि आकडा जवळजवळ शून्य येतो.

जिल्ह्यातील शेतपंपांवर आणखी एक गोष्ट घडते. व्होल्टेज उतरले तरी पंपाला पाणी तेवढेच उपसायचे असते, म्हणून मोटर जास्त अँपिअर ओढते, आणि वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. यासाठी अँपिअर घेताना त्याच वेळी व्होल्टेजही घ्यावे लागते: पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीवर 415 व्होल्टला साडेआठ अँपिअर दिसले तर पंपावर भार वाढला आहे, आणि 370 व्होल्टला तेवढेच दिसले तर पंप ठीक असून व्होल्टेज कमी आहे.