कार्बोरेटर साफ केला, मग गाडी का बंद पडते?

(यावल तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मागं उभी असलेली तरुण पोरं जरा पुढे येऊन खाली बसा. आज दाखवायची वस्तू फार बारीक आहे. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि जेट म्हणजे त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकं. या काडेपेटीत असे दोन पितळी जेट आहेत, दोन्ही एकाच नंबरचे. एक चांगलं आहे, दुसरं कामातून गेलेलं. नुसत्या डोळ्यांना फरक दिसणार नाही, म्हणून भिंग आणलंय. पण आधी तासभर माझं ऐका.

मी आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. निवृत्त झालो तरी दारात गाड्या येतातच, आणि दहातल्या निम्म्या गाड्यांची कहाणी एकच असते. "सर, गाडी चांगली चालत होती. जरा अ‍ॅव्हरेज कमी झालं म्हणून कार्बोरेटर साफ करून घेतला. तेव्हापासून स्लोवर थांबतच नाही." मग हा काय करतो? पुन्हा उघडून पुन्हा साफ करून घेतो. तिसऱ्यांदाही तेच. अहो, ज्या भांड्यात आता कचराच उरला नाही ते किती वेळा घासणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: साफ केल्यावर गाडी बिघडली, तर कचरा शोधू नका, उघडताना आणि लावताना काय बदललं ते शोधा. मेकॅनिकला दोष द्यायला मी हे सांगत नाही. तो पोरगा दिवसाला पंधरा गाड्या करतो, त्याला मोजमाप कुणी शिकवलेलंच नाही. माझा जीव तिथंच तुटतो.

कुणी म्हणेल, आता कार्बोरेटरचं काय राहिलं? 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम आला, नव्या गाड्या कार्बोरेटर सोडून इंजेक्शनच्या झाल्या. खरं आहे. पण वाचनालयाबाहेर लावलेल्या गाड्या मी येताना पाहिल्या. दुधाचे कॅन लटकवलेल्या, केळीच्या चिकानं डागाळलेल्या, सीट फाटलेल्या. त्यातल्या बहुतेक कार्बोरेटरच्याच आहेत. या गाड्यांवर आपली शेती चालते, पोरं कॉलेजला जातात. त्या अजून दहा वर्षं चालल्या पाहिजेत आणि चालतीलही. शहरात जुना कार्बोरेटर फेकून स्वस्तातला नकली बसवतात. मूळ कार्बोरेटरची धातू नीट असेल तर असलं करू नका, कळकळीनं सांगतो.

पेट्रोलचाही एक मुद्दा ओघात आलाच. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिश्रण थोडं पातळ पडतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा तापतो तेव्हा वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागं राहतो तो चिकट पिवळा थर. तोच पहिल्यांदा स्लो जेटमध्ये, म्हणजे मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये बसतो.

आता माझीच गोष्ट सांगतो. लांब आहे, पण सगळा विषय तिच्यातच आहे.

थंडीचे दिवस, जानेवारी. शिरपूरला बहिणीकडे भरिताचा बेत होता. मी बामणोदची पाच किलो वांगी घेतली, पिशवी हँडलला अडकवली, मागे आमच्या सौ., आणि निघालो. आदल्याच दिवशी तालुक्याच्या गावी गाडी साफ करून घेतली होती. मी आयटीआयचा शिक्षक, पण परीक्षा चालू होत्या, हाताला वेळ नव्हता, दिली दुसऱ्याकडे. यावल सुटेपर्यंत बरं वाटलं. पुढे रस्त्यात म्हैस आडवी आली, मूठ सोडली, तर इंजिनाचा आवाज खाली यायलाच तयार नाही. भूंऽऽ करत राहिलं, हळूहळू उतरलं आणि फटकन बंद. किक मारली, चालू झाली. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. चोक अर्धा ओढला की छान चालायची, चोक दाबला की खोकायची. तसाच अर्ध्या चोकवर चोपड्यापर्यंत आलो. सौ. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते जास्त अवघड होतं.

चोपड्याच्या अलीकडे रस्त्याला एक टपरी होती. फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक म्हातारे बाबा बसलेले. पाठीवरचे पंप, नोझल, वायसर, नळ्या, सगळा पसारा. गाडीशी त्यांचा संबंध नाही. मी फक्त सावलीला थांबलो होतो. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि विचारलं, "भाऊ, चोक वढा की चालस ना? मंग कोठेतरी हवा घुसी ऱ्हायनी."

माझ्या अंगावर काटा आला. हेच मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होतो. इंजिन हवा ओढतं, कार्बोरेटर त्या हवेच्या मापानं पेट्रोल देतो. कार्बोरेटरच्या पुढे कुठून चोरून हवा शिरली, तर ती मापात येत नाही आणि मिश्रण पातळ होतं. चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून गाडी सुधारते. बाबांनी एक पाठीवरचा पंप उचलला, साध्या पाण्याची बारीक फवार कार्बोरेटर आणि इंजिनाच्या जोडावर मारली. आवाज लगेच बदलला. जोड सोडला. आतली ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी रबराची कडी, फुगून खोबणीतून बाहेर आलेली आणि दोन पत्र्यांत चिमटलेली. आदल्या दिवशी अख्खा कार्बोरेटर रबरासकट थिनरमध्ये बुडवून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. बाबांनी आपल्या डब्यातून मापाची रिंग काढून बसवली. ती तात्पुरतीच, फवारणी पंपाची रिंग पेट्रोलवर कायम टिकेल असं नाही, पण शिरपूर आणि परतीचा प्रवास तिच्यावर झाला. भरीत गरम मिळालं.

पण गोष्ट इथं संपली नाही. त्यानंतर गाडी चालायची छान, पण अ‍ॅव्हरेज पडलं. पासष्टची गाडी पन्नासवर आली. प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट. मी आठ दिवस फ्लोटच्या, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या मागे लागलो. काहीच नाही. मग बाबांची एक गोष्ट आठवली. ओ-रिंग बसवता बसवता ते सहज बोलून गेले होते, "नोझलमा तार घालस का कोनी?"

इथं शेतकरी बसलेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. नोझल तुंबलं म्हणून तार घातली तर भोक मोठं होतं, फवारा फाटतो, एकरी औषध जास्त जातं. जेट म्हणजे तेच नोझल, फक्त पितळेचं आणि कितीतरी बारीक. काही कार्बोरेटरांत 38 नंबरच्या जेटचं भोक साधारण 0.38 मिलिमीटरचं असतं. ते तारेनं घासून 0.42 झालं, तर व्यास फारसा वाढलेला वाटणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ 22 टक्क्यांनी वाढतं. मी स्लो जेट काढून उजेडाकडे धरलं, भिंग लावलं. भोक गोल राहिलंच नव्हतं. एका बाजूला ओरखडा, कडेला पितळेची बारीक धार. क्लचच्या केबलचा तंतू फिरवलेला होता.

आता बघा कसं झालं. एका चुकीनं हवा जास्त, दुसऱ्या चुकीनं पेट्रोल जास्त. पहिली चूक असेपर्यंत दुसरी झाकलेली राहिली. पहिली दुरुस्त केली तेव्हा दुसरी उघडी पडली. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं बरं वाटलं ते देवालाही कळत नाही.

सचिवांनी चिठ्ठी दिली, दहा मिनिटं उरलीत. ज्याच्यासाठी बोलावलं ते आता भरभर सांगतो, वहीत लिहून घ्या.

मुठीवर चिकटपट्टी लावून पाच खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. गाडी कोणत्या खुणेला अडखळते ते बघा. बंद ते पावच्या आत असेल तर स्लो जेट, त्याचे आतले मार्ग आणि मिस्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू. पाव ते पाऊण असेल तर निडल, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणारी निमुळती सुई. त्याच्या वरती असेल तर मेन जेट. निडलला खाचा असतात, क्लिप कितव्या खाचेत होती ते उघडण्याआधी बघा. क्लिप खाली सरकवली की निडल वर उठते आणि पेट्रोल वाढतं.

मिस्चर स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं पूर्ण आत फिरवत किती आटे होते ते मोजा. आत टेकल्यावर दाबू नका, टोक मोडतं. आकडा हरवला असेल तर दीड ते दोन आट्यांपासून सुरुवात करा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट, बाहेर काढला की वाढतं. यात फसगत फार होते. आणि त्या स्क्रूच्या टोकाला आधी रबर रिंग, मग वायसर, मग स्प्रिंग. रिंग भोकातच अडकून राहते आणि वर दुसरी बसवली जाते, हेही पाहिलंय.

मूठ फिरवली की वर-खाली होते ती स्लाइड. तिचा कापलेला भाग फिल्टरकडे हवा. उलटी बसली तर इंजिन रेस धरून बसतं, मूठ सोडली तरी उतरत नाही.

पेट्रोल वाहत असेल, प्लग काळा होत असेल तर फ्लोट. खालच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरशेजारी उभी धरा, ड्रेन स्क्रू सैल करा. नळीतली पातळी वाटीच्या जोडाशी ताडून पाहा. विडी-काडी लांब ठेवा.

जेट साफ करायचंच असेल तर कार्ब क्लीनर आणि हवा. फारच अडकलं तर दात घासायच्या ब्रशचा एक केस. तार नाही, सुई नाही, टाचणी नाही. क्लीनर मारताना रबराचे भाग आधी बाजूला काढा. ज्या गाड्यांत डायफ्राम, म्हणजे कार्बोरेटरमधला रबराचा पातळ पडदा असतो तिथं तर ही काळजी दुप्पट, क्लीनरनं त्याचं रबर फुगतं किंवा फाटतं.

आणि शेवटचं. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर बंद पडते, थोडं थांबलं की चालू होते, अशी गाडी असेल तर कार्बोरेटरला हातच लावू नका. टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. आपल्या काळ्या मातीची धूळ बसते तिथं. कापूस वेचणीच्या दिवसांत फिल्टरवर रोवा साठतो, तोही आधी झटकून बघा.

बस, वेळ झाली. सचिवसाहेब, दिवे राहू द्या. काडेपेटी आणि भिंग मी या टेबलावर ठेवतो. एकेक जण या, जेट खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि त्या दोनपैकी माझ्या गाडीतलं कोणतं ते मला सांगा.