कुतियालाचा कापूस, जिनिव्हाचा न्याय

(दृश्य: कपाशीचे शेत. हाताने चाललेली वेचणी.)

पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाच्या दक्षिण भागात, कुतियाला परिसरात, कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. हा शब्द विदर्भातल्या माणसाला परका वाटणार नाही, आणि तेथील शेतीही वाटणार नाही: पावसावर पोसलेले पीक, हातांनी केलेली वेचणी, आणि माल विकला की चुकत्या पैशांतून आधी वळती होणारी खत-बियाण्याची उधारी. मालीत ही उधारी देणारी आणि कापूस घेणारी कंपनी मात्र एकच असते, आणि तिला परवडणारा भाव अखेर जागतिक बाजारातील रुईच्या दरावर ठरतो.

2001 च्या अखेरीस तो दर पौंडाला 40 सेंटच्याही खाली गेला. त्या हंगामात अमेरिकेतील सुमारे 25,000 कापूस उत्पादकांना सरकारी तिजोरीतून 3 अब्ज डॉलरहून अधिक अनुदान मिळाले. अमेरिका रुईचा मोठा निर्यातदार. त्यामुळे अनुदानाच्या बळावर तेथील पेरा टिकून राहिला आणि पडलेला भाव सावरेना. अनुदानामुळे दर नेमका किती घसरला याविषयी अर्थशास्त्रज्ञांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण झळ कोणाला बसली हे कुतियालात विचारावे लागत नव्हते.

(दृश्य: जिनिव्हा. जागतिक व्यापार संघटनेची इमारत.)

हे सारे नियमांना डावलून चालले होते असे समजणे चुकीचे ठरेल. 1995 मध्ये संघटनेबरोबर अमलात आलेल्या शेती करारानेच, पूर्वीपासून भरघोस अनुदाने देणाऱ्या देशांना ती कमी करून का होईना, पण चालू ठेवण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या वाट्याला वर्षाला सुमारे 19 अब्ज डॉलरची मर्यादा आली. ज्यांच्याकडे तेव्हा द्यायला पैसाच नव्हता, अशा बहुतेक विकसनशील देशांना पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा मिळाली. आधी ज्याचे ताट भरलेले, त्यालाच पुढे वाढायचे, असा हा हिशेब होता.

10 जून 2003 रोजी बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ काँपाओरे यांनी जिनिव्हात बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांची बाजू मांडली. कापसाची अनुदाने टप्प्याटप्प्याने बंद करावीत आणि ती बंद होईपर्यंत अतिगरीब देशांना भरपाई द्यावी, अशी त्यांची मागणी होती. काँपाओरे स्वतः लष्करी उठावातून सत्तेवर आले होते, ही गोष्ट वेगळी. मागणी रास्तच होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील कानकून येथे मंत्रिपरिषद भरली, तेव्हा मसुद्यात उत्तर आले ते असे, की या देशांची अर्थव्यवस्था कापसाखेरीज इतर व्यवसायांकडे वळवण्यासाठी मदत करावी. परिषद फिसकटली.

ब्राझीलने वेगळी वाट धरली होती. 2002 मध्ये त्याने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार दाखल केली, आणि 2005 मध्ये संघटनेच्या अपील मंडळाचा निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. अमेरिकेने एक योजना रद्द केली, पण मुख्य अनुदाने तशीच राहिली. तेव्हा 2010 मध्ये ब्राझीलने शंभराहून अधिक अमेरिकी वस्तूंची यादी जाहीर करून त्यांवर जकात वाढवण्याची तयारी केली. त्यानंतर अमेरिका वर्षाला 14.73 कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला देण्यास राजी झाली. म्हणजे स्वतःची अनुदाने न थांबवता तिने परक्या शेतकऱ्यांनाही पैसे द्यायचे पत्करले! 2014 मध्ये आणखी 30 कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवण्यात आले.

या दाव्यात बेनिन आणि चाडही त्रयस्थ पक्ष म्हणून सहभागी होते. दुखणे तेच होते, आणि निकालाने दिलेले कारणही तेच. पण निकालाची अंमलबजावणी ज्याची त्यानेच करून घ्यायची असते. चाडने अमेरिकी मालावरची जकात वाढवली, तर वॉशिंग्टनमध्ये कोणाची झोप उडणार?

(दृश्य: विदर्भातील जिनिंग. रुईच्या गाठी.)

नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्याच कापूस हमीभावावर बोट ठेवले आणि भारताने 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचा दावा केला. हा हिशेब करताना आजच्या हमीभावाची तुलना 1986 ते 1988 या काळातील दराशी केली जाते. तीन दशकांची महागाई जणू झालीच नाही, असे धरून काढलेला हा आकडा विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला चक्रावून टाकील.

2015 मध्ये संघटनेच्या नैरोबी येथील मंत्रिपरिषदेत निर्यात अनुदानांवर बंदी आली. मोठा भार मात्र देशांतर्गत अनुदानांचा होता आणि तो जागच्या जागी राहिला. कापसावर खास चर्चा जिनिव्हात वर्षातून दोनदा भरते. 2019 पासून 7 ऑक्टोबरला जागतिक कापूस दिनही साजरा होतो. त्या सुमारास कुतियालात बोंडे फुटू लागलेली असतात.