येतो म्हणालात, तर या

मारहाण, छळ अशा गोष्टींचा मनावर आघात झालेल्या मुलांबद्दल आज आपण बोलतोय. तुमच्याकडून आधी मागवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न निम्म्याहून अधिक जणांनी विचारलाय: "मुलांना बोलतं कसं करायचं?" तिथूनच सुरुवात करतो. माझं उत्तर असं, की करू नका.

मूल आपणहून सांगायला आलं तर हातातलं काम टाकून ऐका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, कारण कुणी त्याला आजही मारत असेल, छळत असेल, तर ते सांगावंच लागणार आहे. पण "काय झालं ते सांग, मन मोकळं कर" म्हणत मागे लागू नका. आघातानंतर लगेच माणसाला बसवून एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी फार चालली. पुढच्या अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही; काहींना तर त्रासच झाला. आठवणी उलगडण्याचे रीतसर उपचार आहेत. ते प्रशिक्षित माणसाने, मुलाला आधी स्वतःला सावरायला शिकवून, कित्येक आठवडे चालवायचे असतात. आपण शिक्षक आणि कार्यकर्ते. आपलं काम वेगळं आहे.

वर्गात दार आपटलं की एक मुलगा ताडकन उभा राहतो. शिक्षिका म्हणतात, याचं लक्षच नसतं. लक्ष असतं हो, फळ्याकडे नसतं, दाराकडे असतं. सतत धोक्यात वाढलेल्या मुलाचं शरीर सदैव सावध राहायला शिकतं. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, आणि त्या अवस्थेत विचार करणारा मेंदू मागे पडतो. अशा वेळी "असं का केलंस?" याला उत्तर मिळत नाही, कारण त्या क्षणी ते त्याच्याकडेही नसतं. आवाज खाली आणा, थोडं अंतर ठेवा, पाणी द्या. असं का केलं, ते उद्या विचारा. आणि जे मूल काहीच गडबड करत नाही, कोपऱ्यात गप्प बसतं, त्याचं नाव आपल्या यादीत येतच नाही. माझ्याकडूनही हे अनेकदा झालंय.

आता गरिबी. बालपणातल्या आघातांचा आणि मोठेपणीच्या आजारांचा संबंध दाखवणारा गाजलेला अमेरिकी अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यातली माणसं विमा असलेली, बरीचशी शिकलेली, मध्यमवर्गीय होती. म्हणजे आघात गरिबांच्याच घरी होतो असं नाही. (बालपणी किती प्रकारचे आघात झाले, त्याचे त्या अभ्यासात गुण धरले होते. ते गुण मोजून एकेका मुलाचं भविष्य सांगू नका, असा इशारा त्याच अभ्यासाच्या एका कर्त्याने 2020 मध्ये दिला. तरी लोक मोजतातच.) गरिबी घरातली उसंत काढून घेते. दोन पाळ्या करून आलेल्या आईकडे प्रेम कमी नसतं, अंगात त्राण नसतं. त्यामुळे पालकांना उपदेश करण्याआधी त्यांचं रखडलेलं एखादं काम मार्गी लागतंय का, ते बघा. तोही मुलावरचाच उपचार आहे, असं मी मानतो.

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा झाला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा जोखमी एकदम वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडपणे मोठी झाली. त्यामागच्या कारणांत एक ठळक होतं: आई-वडील असोत, आजी असो, शेजारी की शिक्षक, पण टिकून राहिलेलं एक तरी मोठं माणूस.

टिकून राहिलेलं, हा शब्द आपल्याला बोचायला हवा. आपण उत्साहाने येतो, तीन महिने जीव लावतो आणि एक दिवस येत नाही. सोडून जाणाऱ्या माणसांची त्या मुलाला सवय असतेच. आपण तीत भर घालतो. आठवड्यातून एकच तास द्या, पण वार आणि वेळ पाळा. येणार नसाल तर आधी सांगा. काम सोडायचं असेल तर निरोप घेऊन सोडा.

मी एका मुलाला सांगितलं, पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी येईन. तो म्हणाला, "तारीख लिहा." त्याच्या वहीवर लिहिली. ठरल्या दिवशी गेलो, तर तोच नव्हता. भाडं थकलं म्हणून घर रातोरात हललं होतं. कुठे, कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने आपली वही पुढे केली आणि म्हणाली, "माझ्यावर पण लिहा."