हत्ती निघाल्याशिवाय

(काळा, कोरडा कातळ. त्यावर एक माकड.)

हा धबधबा आहे. निदान मोबाइलवरच्या फोटोंत तरी होता.

जुलैचा दुसरा आठवडा. पहाटे पाचला सोलापूर सोडलं, तुळजापूर, धाराशिव मागे टाकलं आणि साधारण 90 किलोमीटरवर येडशीच्या जंगलात रामलिंगाला पोचलो. तिघं जण, दोन कॅमेरे, आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा. पाणी तेवढं कुठंच नव्हतं. नारळ विकणाऱ्या मावशी आमच्या रेनकोटांकडं बघून हसल्या. “आत्ता कुठलं पानी? हत्ती निघाल्याबिगर न्हाई पडत.”

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र.

पावसाळ्याचं चित्र आपल्या डोक्यात पुण्या-मुंबईचं असतं. जून-जुलैत लोणावळा वाहतं, म्हणून सगळीकडंच वाहत असेल असं आपण धरून चालतो. पण तिकडून येणारे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. सोलापूरच्या वाट्याला वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला त्याच्या दहापट. आमच्याकडं जोर सप्टेंबरमध्ये. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते पश्चिमेकडं सरकतं, मग दुपारी काळं होऊन येतं आणि ओढे एका रात्रीत भरतात. उत्तरा आणि हस्त, आमचा खरा पावसाळा एवढाच.

(सप्टेंबरअखेर. ओला रस्ता. दोन्ही बाजूंना झाडी.)

तीन दिवस पाऊस झाल्याची बातमी आली आणि आम्ही परत निघालो. गाडी मंदिराजवळच्या वाहनतळापर्यंत जाते. आम्ही ती मुद्दाम अलीकडं लावली आणि चालत निघालो. वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, कारण हे अभयारण्य आहे.

सोलापूरकराला जंगलाची सवय नसते, हे इथं कबूल करतो. आमचं नावाजलेलं अभयारण्य म्हणजे नान्नजचा माळ. तिथं झाडं नसणं हाच त्या जागेचा गुण. माळढोकाला गवत लागतं आणि नजर पोचेल तिथवर मोकळं रान. त्यामुळं बालाघाटच्या डोंगरात शिरल्यावर धावडा, पळस, आपटा, बेल अशी दाटी दिसली की आम्ही जरा आवाज खाली आणतो. ही पानगळीची झाडं. मार्चमध्ये इथं नुसत्या काटक्या दिसतात. आत्ता मात्र दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. खाली रानसीताफळाची झुडपं, फळांचे डोळे अजून मिटलेले.

“लई लांब हाय का बे अजून?” आमचा साउंडवाला. त्याला आम्ही मधेच वाघाचं सांगितलं. डिसेंबर 2024 मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून 400 किलोमीटरहून जास्त चालत आलेला. शेतं, रस्ते, गावं ओलांडून. पुढं बार्शी तालुक्यातही त्याचा वावर होता. त्यानंतर साउंडवाल्यानं लांब-जवळची चौकशी केली नाही.

पायऱ्यांशी पोचायच्या आधी आवाज आला. आधी वाटलं वारा आहे. मग वारा थांबला आणि आवाज तसाच राहिला.

(वरून खाली. पांढरं पाणी.)

दख्खनचा कातळ थरांचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. काही थर घट्ट. काही जाळीदार, ठिसूळ, आणि मधेच कुठं गेरूसारख्या लाल मातीची पट्टी. पाणी ठिसूळ थर आधी कोरतं. वरचा घट्ट थर छपरासारखा पुढं राहतो आणि पाण्याला उडी मारण्यावाचून इलाज राहत नाही. छपराखालचा आधार गेला की एखाद्या वर्षी तेही कोसळतं आणि धबधबा हातभर मागं सरकतो. खाली पडलेल्या धोंड्यांवर बसून लोक फोटो काढतात.

आम्हीही काढले. पण शेवाळलेल्या दगडावर माझा पाय एकदा सटकला, तेव्हापासून मी लांबूनच बघत होतो. मावशींनी एक खूण सांगितली होती: पाणी अचानक गढूळ झालं, काड्याकुड्या यायला लागल्या, की वर कुठंतरी पाऊस कोसळलाय. फोटो राहू द्यायचा आणि वर यायचं.

मंदिरात जटायूची कथा सांगतात. रावणाशी झुंजून तो इथं पडला, रामाला भेटेपर्यंत तग धरून राहिला, आणि त्याची तहान भागवायला रामानं बाण मारून पाणी काढलं. दुष्काळी मुलखानं रामायणातून नेमका पाण्याचा प्रसंग आपल्याकडं ठेवून घेतला, याचं मला नवल वाटत नाही.

डबा तिथंच उघडला. निम्मी भाकरी माकडांनी नेली. शेंगाचटणी त्यांना तिखट लागली असावी, ती आमच्याकडंच राहिली.

(नोव्हेंबर. तोच कातळ.)

एक शॉट हलला होता, म्हणून तिसऱ्यांदा आलो. दीड महिना झाला होता. वाटेवर धुळीत पावलं उमटत होती, धावड्याची पानं रंग बदलू लागली होती. कातळावर वरपासून खालपर्यंत एक ओली रेघ होती. नारळाचा गाडा बंद होता.

साउंडवाल्यानं माइक दगडाला जवळजवळ टेकवला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला.

थेंब पडत होते. आम्ही मोजले. मिनिटाला 11.