सात आण्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला जायची, तेव्हा बीबी का मकबरा हा वाटेतला थांबा असायचा. डबे खायचे, हौदापाशी रांगेत उभं राहून फोटो काढायचा, गुरुजींनी "हा गरिबांचा ताजमहाल बरं का" म्हणायचं, की पुन्हा गाडीत. पुढे आग्र्याचा ताज पाहून आलो आणि मकबऱ्याला परत गेलो, तेव्हा मात्र एका भिंतीसमोर तासभर उभा होतो. आज त्या भिंतीबद्दलच बोलायचं आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, या मकबऱ्याला आपण सरसकट संगमरवरी म्हणतो. जवळ जाऊन बघा. संगमरवर आहे तो भिंतीच्या खालच्या पट्ट्यापुरता, आणि मग एकदम वर, घुमटाला. मधली भिंत आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची, त्यावर चुन्याचा असा घोटीव गिलावा, की लांबून डोळा फसतो. वेलबुट्टीही गिलाव्यातच काढलेली. खालचा दगड आणि वरचा चुना जिथे भेटतात, तिथे एक जोड आहे. पांढऱ्यावर पांढरं, पण एक तुकतुकीत तर दुसरं किंचित पिवळट, आणि पावसाच्या ओघळांनी काळवंडलेलं. कुठे पोपडा निघाला की आतला काळा दगड डोकावतो.

याला लबाडी म्हणायचं असेल तर जरा थांबा. आग्र्याचा ताजसुद्धा आतून विटांचाच आहे. संगमरवर त्यालाही वरूनच बसवलेला.

हे थडगं कोणाचं? दिलरस बानू बेगमचं. औरंगजेबाची ही पट्टराणी, रबिया-उद-दौरानी या किताबानंही ओळखली जाते. औरंगजेब तेव्हा बादशहा नव्हता, दख्खनचा सुभेदार होता. 1657 च्या सप्टेंबरात दिलरसला मुलगा झाला आणि महिन्याभरात, ऑक्टोबरात, ती औरंगाबादेत वारली. हा मुलगा म्हणजे शहजादा अकबर. पुढे बापाविरुद्ध बंड करून 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, तोच हा. 1657 च्या त्याच सप्टेंबरात तिकडे दिल्लीत शहाजहान आजारी पडला आणि तख्तासाठी भावाभावांत जुंपली. 1658 च्या सुरुवातीला औरंगजेब फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. म्हणजे इथे बायकोची कबर उभी राहत होती, तेव्हा नवरा सख्ख्या भावांशी लढत होता.

मकबरा दिलरसच्या मुलानं, आझमशहानं, आईसाठी बांधला, असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. आझमशहाचा जन्म 1653 चा. काम 1660-61 च्या सुमारास पुरं झालं. सात-आठ वर्षांच्या पोरानं एवढी इमारत उठवली, हे काही मला पटत नाही. मोठेपणी त्यानं डागडुजी केली असेल, ती गोष्ट वेगळी.

खरी करणारी माणसं दोन आणि त्यांची नावं दरवाजावरच्या लेखात आहेत: रचनाकार अताउल्ला आणि बांधकाम पाहणारा हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाचा रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. पण मला त्याचं दुसरं काम जास्त भावतं. यानं तरुणपणी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चं फारसी भाषांतर केलं आणि ते शहाजहानला अर्पण केलं. आता कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. तिथल्या पाटण गावात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा. अताउल्लाला हे ठाऊक असेल-नसेल, पण ज्याचं गणित त्यानं फारसीत नेलं, त्याच्याच मुलखाशेजारी तो इमारत बांधायला आला.

गणित जाणणारा माणूस, आणि पैसा मोजका. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जात होता, तेव्हा संगमरवर लादलेल्या तीनेकशे गाड्या त्याला दिसल्या. एकेका गाडीला कमीत कमी बारा बैल! राजस्थानातून इथवरची ती वाट, मधले घाट आणि नद्या, त्या बैलांची वैरण... संगमरवर खालच्या पट्ट्यावर का थांबला याचं उत्तर मला तिथेच मिळतं. आणि एकूण खर्च? नोंद आहे 6,68,203 रुपये, वर सात आणे. ताजचा खर्च तीन कोटींच्या पुढे सांगतात. शाही मकबऱ्याच्या हिशेबात शेवटचे सात आणेही न सोडणारा तो कारकून मला फार आवडतो.

खर्च आखडला की प्रमाण बिघडतंच असं नाही, पण इथे थोडं बिघडलंय, हे कबूल करायला हवं. मधली इमारत अंगानं अरुंद आणि चारही मिनार, प्रत्येकी सुमारे 72 फूट, अगदी खांद्याला खांदा लावून उभे. ताजच्या मिनारांना जो मोकळा वारा आहे तो यांना नाही. पुढे निजामाच्या काळात पश्चिमेला मशीद आली, त्यानं तोलही एका अंगाला झुकला. एक गोष्ट मात्र मला इथली सरस वाटते. ताज बागेच्या टोकाला, नदीकाठी आहे. हा मकबरा चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, ऐन मध्यावर आहे, त्यामुळे कुठूनही आलात तरी बाग संपत नाही.

आत गेलात तर कबर आपल्या पातळीवर नाही. मधोमध अष्टकोनी मोकळी जागा आहे, तिच्या काठावरून खाली वाकून पाहायचं. खाली संगमरवरी जाळीच्या आत कबर, वर चादर, चादरीवर लोकांनी टाकलेली नाणी. इतका खटाटोप जिच्यासाठी, तिला बघायला मान खाली घालावी लागते.

आणि नवरा? तो 1707 मध्ये अहमदनगरजवळ मेला. त्याला पुरलं इथून पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादला, एका दर्ग्याच्या आवारात. वर छप्पर नाही, घुमट नाही. तिथे जी संगमरवरी जाळी दिसते, ती फार नंतर निजामानं बसवली. कबरीवर नुसती माती, आणि मातीत सब्जाचं रोप.